हरणाची जागा

एखाद्या समाजाची ओळख काय आहे, हे त्या समाजाला सोडून बाकी सगळ्यांना नीट समजतं. हे सत्य ध्यानात घेऊनच आमच्या मूळ रहिवासी कला अस्सलता केंद्राची स्थापना झाली. केंद्रात संचालक आहेत, अस्सलतातज्ज्ञ बाई आहेत, जतन विभाग आहे, उद्घाटनाच्या रिबिनी ठेवायला स्वतंत्र कपाट आहे. मूळ रहिवासीही आहेत. (एक. दारावर, पहारेकरी म्हणून. स्थानिकांना रोजगार देण्यात केंद्राने कधीच हात आखडता घेतलेला नाही.)

अस्सलता तपासण्याची आमची पद्धत शास्त्रशुद्ध आहे. चित्रात सूर्य, झाड, नाचणारी माणसं आणि हरीण यांपैकी निदान तीन गोष्टी लागतात. विजेचा खांब आढळल्यास गुण कापले जातात. मोबाइल आढळल्यास चित्रकाराला समुपदेशनासाठी बोलावतात. गेल्या वर्षी तपासलेल्या मूळ रहिवाशांपैकी निम्म्याहून अधिक लोक पुरेसे मूळ नसल्याचं निष्पन्न झालं. त्यांच्यासाठी शिबिरं चालू आहेत, आणि प्रगती समाधानकारक आहे.

अशातच लिफ्टवाल्या मावशी केंद्राच्या नजरेत भरल्या. या मावशी सरकारी इस्पितळात लिफ्ट चालवतात आणि बस डेपोमागच्या इमारतीत राहतात. त्या इमारतीत सगळे त्यांच्याच समाजाचे, आणि तिथल्या जिन्याच्या भिंती खालपासून वरपर्यंत चित्रांनी भरलेल्या. या लोकांत एकट्याने चित्र काढणं म्हणजे आगाऊपणा समजतात. एकाने सुरुवात करायची, मग घरच्या आणि शेजारच्या प्रत्येकाने येऊन आपल्या हाताने आपली खूण काढायची. कुणी परगावी असला तर त्याची जागा कोरी ठेवायची. तो आला की तो भरेल. ती जागा दुसऱ्याने भरायची एकच वेळ असते, तो माणूस वारल्यावर.

मावशींनी केंद्राच्या नव्या प्रदर्शनासाठी मोठ्या फळीवर असंच चित्र मांडलं. त्यांनी स्वतःची लिफ्ट काढली. वरच्या मजल्यावरच्या नर्सताईने आपली स्कूटर काढली. आमचा पहारेकरी मावशींचा सख्खा भाचा. त्याने सुट्टीच्या दिवशी येऊन आपली छत्री काढली. मधोमध माणसाएवढी जागा कोरी राहिली. तज्ज्ञ बाईंनी चष्मा वर केला.

"मावशी, ही लिफ्ट कशाला?"

"मीच चालवते ना, मॅडम."

"ते झालं हो. पण तुमच्या पूर्वजांनी कधी लिफ्ट पाहिली होती का?"

"तुमच्यांनी पाहिली होती?"

बाईंनी याची नोंद 'सांस्कृतिक विस्मरण, मध्यम स्वरूपाचं' अशी केली. "बरं, यात एकही हरीण नाही."

"मी हरीण बघितलंय ते तुमच्या कॅलेंडरवर," मावशी म्हणाल्या. "पाहिजे तर कोपऱ्यात एखादं काढते. पण ही मधली जागा माझ्या पोराची आहे हं. जहाजावर असतो तो, तीन वर्षं झाली. उद्घाटनाला येतोय. त्या जागेला कुणी हात लावू नका."

बाईंनी हे वाक्य उतरवून घेतलं आणि खाली दोन रेघाही मारल्या.

केंद्र हे मनाने मोठं आहे. समितीने लिफ्टला 'पाताळातून वर येणारं चैतन्य' म्हणून मंजुरी दिली. स्कूटर मातृदेवता ठरली. छत्रीवर थोडी खडाजंगी झाली, पण शेवटी ती आकाशात जमा झाली. नंतर बाईंचा कागद संशोधन विभागात गेला आणि फळी जतन विभागात गेली. या दोन विभागांत बोलणं बंद आहे. (कारण आता कुणालाच आठवत नाही, त्यामुळे मिटवताही येत नाही.) जतन विभागाच्या नियमाप्रमाणे चित्रातली कोरी जागा म्हणजे नुकसान, आणि नुकसान उद्घाटनापूर्वी दुरुस्त झालंच पाहिजे. तेव्हा आमच्या सजावटकाराने केंद्राच्या बोधचिन्हातलं हरीण त्या जागेत बसवलं आणि वरून पक्कं रोगण दिलं. मान वळवून मागे बघणारं, फार देखणं हरीण. त्यानंतर चित्राची अस्सलता पूर्ण भरली.

उद्घाटनाच्या दिवशी मावशींचा मुलगा बंदरावरून थेट बॅग घेऊन आला. पहारेकऱ्याने आधी त्याला मिठी मारली, मग त्याचा पास तपासला. दोन्ही गोष्टी रीतीला धरून होत्या. मावशी पर्समध्ये घरचा कुंचला घेऊन आल्या होत्या. लहान मुलाला शाळेत न्यावं तसं त्या त्याला हाताला धरून फळीपाशी घेऊन गेल्या.

"ही बघ नर्सताईची स्कूटर. ही तुझ्या मावसभावाची छत्री. आणि इथं मधे तुझी—"



"आई," मुलगा म्हणाला, "माझ्या जागी हे काय?"

मावशी हरणाकडे बघत राहिल्या. मग त्यांचा आवाज असा फुटला की रिबीन धरलेल्या दोन मुलीसुद्धा दचकल्या. "कुणी केलं हे? अहो, माझा पोरगा जिवंत आहे! हा काय इथं उभा आहे!"

मग पुढच्या रांगेतल्या एका रसिकांनी टाळी वाजवली, आणि पाठोपाठ सगळ्यांनीच वाजवली. मावशी तळहाताने हरीण खसाखसा पुसू लागल्या तेव्हा तर काही जण उभे राहिले. रोगण पक्कं असल्यामुळे हरणाला काही झालं नाही. धोक्याची घंटा मात्र वाजली, आणि पहारेकरी धावत आला.

"मावशी, मागे हो गं. माझी नोकरी जाईल."

"तुझी छत्री आहे ना रे त्यात?"

"आहे गं," तो म्हणाला, आणि त्याने मावशींचं मनगट धरलं.

मला वाईट वाटलं. संचालकांनाही वाटलं, त्यांनी तसं भाषणात सांगितलं.

हरीण काढून टाकावं असा अर्ज मावशींनी रीतसर केला. समितीने तो सहानुभूतीपूर्वक फेटाळला. हरीण काढल्यास चित्र अस्सल राहणार नाही, असं उत्तरात नम्रपणे कळवलं. मुलाला पुढच्या शिबिरात विनामूल्य प्रवेश देऊ केला होता, पण तो जहाजावर परत गेला. आता मावशी रोज लिफ्ट बंद केल्यावर त्याला फोन लावतात आणि एवढंच विचारतात, "आहेस ना रे?" समुद्रात कधीकधी फोन लागत नाही. त्या रात्री इमारतीत कुणी टीव्ही लावत नाही.

हरीण मात्र जोरात आहे. ते कपांवर, उशांवर आणि चौकटीत मिळतं. (फक्त हरीण. बाकीची माणसं फार जागा खातात.) सुरुवातीला विक्री बेताचीच होती. मग संचालकांना सुचलं की चित्रामागची व्यथा छापून वस्तूसोबत द्यावी. केंद्राला टीकेचं वावडं नाही. थोडी टीका असली की गिऱ्हाइकाला व्यथा खरी वाटते. लिहिण्याचं काम माझ्याकडे आलं. तुम्ही आत्ता वाचताय तो तोच कागद.

तुमचे डोळे पाणावले असतील तर संकोच करू नका. ज्यांचे पाणावतात ते सहसा मोठ्या आकाराचं घेतात. काउंटर डाव्या हाताला आहे. आणि घरी नेऊन लावायचं कुठे, हा प्रश्न तर तुम्हाला नाहीच. सोफ्याच्या वरची जागा कोरी कोरी दिसते, असं मघाशी तुम्हीच म्हणत होतात.