रामनाथकाकांचा इंग्रजी उखाणा

आधी माफी मागते. कुणाबद्दल लिहावं इतकी माझी तयारी नाही. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच, आणि त्यामुळे मला सगळं येतं असा आमच्या म्हसरूळच्या गल्लीचा समज आहे. त्या समजापायीच रामनाथकाका इंग्रजी शिकायला माझ्याकडे आले. मला स्वतःला ते गाईड उघडल्याशिवाय येत नाही. तेव्हाच नाही म्हणायला हवं होतं.

रामनाथकाका बायकोचं नाव सरळ घेत नाहीत. घ्यायचंच झालं तर उखाण्यात, नाहीतर नुसतं 'ती'. रेशन दुकानदाराने एकदा कार्डावरचं नाव विचारलं, तर काकांनी रांगेत उभं राहून अख्खा उखाणा घेतला. मागच्या बायकांनी टाळ्या वाजवल्या.

सुनंदाकाकू नर्स. लग्नानंतर तीन वर्षांनी इंग्लंडला गेल्या आणि तिथेच कायमच्या झाल्या. काकांना तिकडे न्यायचे कागद त्यांनीच सुरू केले होते. बाकी सगळं जुळलं, अडलं एका परीक्षेवर. नवऱ्याला थोडं इंग्रजी बोलता यायला हवं आणि ऐकलेलं समजायला हवं. काकांची शाळा सातवीत सुटलेली. त्यानंतरचं त्यांचं बरंचसं बोलणं झेंडू आणि शेवंतीशी.

समजलं नाही तर 'रिपीट प्लीज' म्हणता येतं, असं मी पहिल्याच दिवशी सांगितलं. ते त्यांना फारच आवडलं. कंडक्टरला रिपीट प्लीज. सत्यनारायणाला गुरुजींना रिपीट प्लीज; गुरुजींनी बिचाऱ्यांनी संकल्प पुन्हा सांगितला. फुलबाजारातला एक व्यापारी रोज खवचटपणे विचारायचा, "काय साहेब, बायकोचा पदर धरून विमानात कधी बसताय?"

काका शांतपणे म्हणायचे, "रिपीट प्लीज."

तो पुन्हा विचारायचा. काका पुन्हा तेच. तिसऱ्या खेपेला त्याचं त्यालाच कसंतरी व्हायचं.

फवारणी करताना ते झेंडूच्या वाफ्याला "हाऊ आर यू" विचारायचे आणि वाफ्याच्या वतीने "फाइन, थँक्यू" म्हणायचे. पाठीवर पंप, नाकाला रुमाल, आणि आतून इंग्रजी. गल्ली हसायची. मीही हसले आहे.

पहिली परीक्षा मुंबईला होती. परत आले ते थेट आमच्या ओट्यावर बसले.

"काय विचारलं, काका?"

"तिचं नाव."

"मग?"

"मग काय. परकी बाई समोर, त्यात रेकॉर्डिंग चालू. सरळ कसं घेणार? गप बसलो. आन् जो गप बसलो तो बसलोच."

"एकच तर शब्द होता."

"तुला नाय कळायचं. लग्न होऊ दे आधी."

नापास झाल्याचं कळल्यावर काकू फोनवर "बरं" म्हणाल्या. आधी त्यांचा फोन दर रविवारी यायचा, मग महिन्यातून एकदा. "ड्युटी लय असती तिला," काका आम्हाला सांगायचे. आम्ही काही विचारलेलं नसायचं.

दुसऱ्या वेळी आम्ही चार संध्याकाळी बसून इंग्रजीत उखाणा केला. परीक्षा घेणाऱ्या बाईंनी बायकोचं नाव विचारलं तेव्हा काका खुर्चीतून उठले, हात जोडले आणि म्हणाले, "ऑन द टेबल, कप ऑफ टी; सुनंदा इज द वाइफ ऑफ मी."

बाई हसल्या. आणि, काका शपथेवर सांगतात, त्याच म्हणाल्या, "रिपीट प्लीज."

काका पास झाले. गल्लीत पेढे वाटले, व्यापाऱ्याला दोन दिले. थंडीचं जाकीट घेतलं आणि मे महिन्यात आमच्या ओट्यावर घालून दाखवलं. सर्टिफिकेटचा फोटो मीच काकूंना पाठवला. दोन निळ्या खुणा लगेच आल्या. उत्तर नऊ दिवस आलं नाही.

दहाव्या दिवशी सकाळी मी मळ्यात गेले. काका झेंडू तोडत होते. आज वाफ्याशी काही बोलत नव्हते.

"उत्तर आलं का?"

"आलं. आवाज भरून पाठवलाय. इंग्रजीत."

"इंग्रजीत कशाला?"

"मराठीत जड गेलं आसंल तिला."

मी हात पुढे केला. "द्या, ऐकते. अर्थ सांगते."

"नको. सोपं होतं. हळू बोललीय, मला समजावं म्हनून. एकदाच लावलं." त्यांनी ओंजळभर फुलं पाटीत टाकली आणि पुढच्या झाडाकडे सरकले. "सुनंदा म्हणती, येऊ नका. तिथं तिच्यासंगं दुसरं माणूस हाये."