अण्णांची छाटणी

चौलला आमच्या शेजारच्या वाडीत दामूअण्णा राहत. साधं घराबाहेर पडायचं तरी ते ओटीच्या पायरीवर उभे राहून दोन बोटांची कात्री हवेत चालवत. "देवळाकडून गेलो, तर सदू भेटणार. सदू भेटला, की गुडघेदुखी सांगणार. छाटली!" मग दुसऱ्या वाटेचा विचार सुरू. बहुतेक वेळा सगळ्या वाटा छाटून होत आणि अण्णा परत झोपाळ्यावर येऊन बसत.

हे खूळ बुद्धिबळातलं. वाडीत नुसते नारळ आणि पोफळी, म्हणजे छाटायला एक फांदी नाही. ती हौस ते पटावर भागवत; एका चालीतून पुढे फुटत जाणाऱ्या चालींना ते फांदी म्हणत. मी शाळामास्तर. शाळा सुटली की त्यांच्याशी डाव मांडून बसे.

"मास्तर, हातात एक बरी चाल असली ना, की दुसरीला समोरच्याचं आपल्याला महाग पडणारं एकच उत्तर शोधायचं. सापडलं? मग बाकीची उत्तरं तपासत बसायचं नाही. छाटली!"

एवढं बोलून ते डोळे मिटत. अण्णा वजिराचा विचार करताहेत की झोपलेत, हे मला शेवटपर्यंत ओळखता आलं नाही.

एकदा पेपरात आलं, की परदेशात एका यंत्राला बुद्धिबळ शिकवलंय आणि तेही अशाच नकोशा फांद्या टाकून देतं. अण्णांनी तो पेपर सगळ्या आळीत फिरवला. "यंत्रालासुद्धा अक्कल आली बघा!" त्याच भरात दारात आलेल्या रेवदंड्याच्या कोळणीला म्हणाले, "पापलेट घेतलं, तर मांजर आत शिरणार. छाटली!"

"मंग जेवनाला काय फांदी खाता काय?" ती म्हणाली आणि टोपली उचलून चालू लागली.

अण्णांची मुलगी कुसुम. एकुलती एक, आईवेगळी, अण्णांनीच वाढवलेली. मॅट्रिक झाल्यावर तिने मुंबईला नर्सिंग शिकायला जायचं मनात घेतलं. आमचा डाव चालू असतानाच तिने ते सांगितलं. अण्णांनी पटावरून मानसुद्धा वर केली नाही.

"इथे बरं चाललंय. मुंबईला गेलीस, तर तिथलीच होशील. छाटली."

कुसुमने चहाचे कप खाली ठेवले. "अण्णा, पटावर समोरचा तुमचं वाईट करायलाच बसलेला असतो, म्हणून तुम्ही सगळ्यात वाईट तेवढंच बघता. मी कुठे समोर बसलेय? मी तुमच्याच बाजूची ना?"

अण्णांची दोन बोटं हवेत तशीच राहिली. आगरातून रहाटाची कुरकुर ऐकू येत होती. चाल अण्णांची होती, पण तो डाव काही पुढे सरकला नाही.

दिवाळीनंतर कुसुम रेवसच्या लाँचने मुंबईला गेली. अण्णा तिला धक्क्यापर्यंत पोचवून आले. येताना मुद्दाम देवळाकडून आले आणि सदूची दोन्ही गुडघ्यांची दुखणी उभ्या उभ्या ऐकून घेतली.

दुसऱ्या दिवशी मी गेलो, तेव्हा पट मांडलेला होता आणि अण्णा झोपाळ्यावर डोळे मिटून बसले होते.

"मांडलाय, तर खेळायचं ना?"

"थांबा मास्तर. कुसुम लाँचमधून उतरलीय. ट्रंक जड आहे. एक मैत्रीण भेटली, तिने हात लावला." झोपाळा हलत होता. "आता तिला ताप आलाय."

अण्णांची दोन बोटं वर आली. आता कात्री चालणार, असं मला वाटलं. पण त्यांनी ती हळूच मिटली आणि हात मांडीवर ठेवला.

"मैत्रिणीने पेज करून दिली. उतरला ताप."

मी विचारलं, "पुढे, अण्णा?"

"बघतोय. फांदी फार लांब आहे हो. शिमग्याला घरी येते की नाही, तेवढं दिसत नाही." ते सरकले आणि त्यांनी मला झोपाळ्यावर जागा करून दिली. "तुम्हीही जरा बघा."

मी त्यांच्या शेजारी बसलो आणि डोळे मिटले.