हौसा सिस्टरची पाठिंबा मोहीम

तासगावात एखादा माणूस फार तोऱ्यात बोलायला लागला, की हौसा सिस्टर त्याला भर चौकात सांगतात, "हळू बोल. पायाळू झालायस तू, पाय आधी भाईर आलं व्हतं, मला म्हाईत हाय." मग तो बेदाण्याचा व्यापारी असो नाहीतर नगरसेवक, त्याचा आवाज खाली येतोच. कारण पुढच्या वाक्यात सिस्टर काय सांगतील याची कुणालाच खात्री नसते.

सिस्टर आरोग्य उपकेंद्रांत नोकरी करून निवृत्त झाल्या. पूर्वेकडच्या कोरड्या भागातल्या कितीतरी वस्त्यांवर त्यांनी बाळंतपणं केली. मीही त्यांच्याच हातचा. माझे आईवडील द्राक्षबागांत मजुरीला जायचे. मला शाळेत घालायला वडील टाळाटाळ करत होते, तेव्हा सिस्टरनी घरी येऊन सुनावलं, "ह्याला मी डोस पाजल्यात ते बागंत औषध मारायला न्हवं." आई हे अजून सांगते. पुढे मी आमच्या घरातला पहिला पदवीधर झालो. त्यामुळे सिस्टरना नाही म्हणणं मला जमत नाही. पुढची सगळी गडबड त्यातूनच झाली.

मी इथल्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात काम करतो. तिथे एकदा मुक्त ज्ञानकोशाची कार्यशाळा होती. म्हणजे इंटरनेटवरचा असा ज्ञानकोश, जो कुणीही लिहावा आणि कुणीही फुकट वाचावा. बाहेर ऊन होतं म्हणून सिस्टर पंख्याखाली येऊन बसल्या होत्या. पडद्यावर एका गावाचं पान उघडलं. नेमकं ते त्यांच्या जुन्या उपकेंद्राचं गाव निघालं. पानावर एकच वाक्य होतं : हे एक गाव आहे.

सिस्टर उठून उभ्या राहिल्या. "गाव हाय हे मला बी म्हाईत हाय! पुढं काय? हीर कुठं हाय, पाणी गोड का मचूळ, देऊळ कुणाचं, शाळा कितवीपतूर, कायच न्हाई?"

"आजी, मग तुम्हीच लिहा की," व्याख्याते हसून म्हणाले.

"आजी कुणाला म्हंतो रं? सिस्टर म्हण."

व्याख्याते वरमले आणि वरमण्याच्या भरात बोलून गेले, की अशा कामाला अनुदानही मिळतं. कॅमेरा, प्रवास, सगळं त्यातून होतं. अर्ज इंटरनेटवर मांडायचा, आणि जगभरचे स्वयंसेवक तिथेच उघड चर्चा करून तो मंजूर करायचा की नाही ते ठरवतात. सिस्टरनी माझ्याकडे बघितलं. पूर्वेकडच्या एकूण एक वस्तीचं पान करायचं, फोटोसकट, हे त्यांचं तिथेच ठरलं.

त्या अर्जाने माझं डोकं फिरवलं. उद्दिष्ट वेगळं, उपक्रम वेगळा, निष्पत्ती वेगळी आणि परिणाम त्याहूनही वेगळा. मी निष्पत्तीच्या चौकटीत परिणाम लिहिला, मग पुसून उपक्रम लिहिला, मग चारही ठिकाणी एकच मजकूर ठेवला. सिस्टरना मात्र एकही प्रश्न अवघड गेला नाही.

"प्रकल्पातल्या जोखमी कोणत्या?" मी वाचलं.

"कुत्री. मेंढरामागची लय वंगाळ असत्यात."

"जोखीम कमी करण्याचे उपाय?"

"भाकरी."

"यश कसं मोजणार?"

"पान उघडून बघतील की. डोळं हायत न्हवं त्यांस्नी?"

शेवटी स्थानिक लोकांचा पाठिंबा लागत होता. पाठिंबा देणाऱ्याने ज्ञानकोशावर स्वतःचं खातं उघडून तसं लिहायचं, एवढं मी त्यांना सांगितलं आणि घरी गेलो.

रविवारी बाजारात गेलो तर वाटेतल्या दारांवर खडूने खुणा. पोलिओच्या डोसाच्या रविवारी असतात तशाच. मला वाटलं, आपण तारीख विसरलो. चौकात सदाच्या गाड्यावर चहा घेतला, तर सदाच्या करंगळीला जांभळी शाई.

"सदा, तुला डोस पाजला का काय?"

"पाठिंबा दिला," सदा अभिमानाने म्हणाला.

"कशाला?"

"ते काय ईचारलं न्हाई गड्या. सिस्टर आल्या, मोबाईल हातात दिला, खातं उघडाय लावलं, बोटाला शाई लावली. वर म्हणाल्या, दोनदा दिलास तर कान उपटीन."

ज्या घरात कुणी सापडलं नव्हतं, त्या दारावर फुली होती. तिथे संध्याकाळी दुसरी फेरी होणार होती. मोहिमेतून एक माणूस सुटला नाही.

पण इकडे अर्जाच्या पानावर काय दिसत होतं? एकाच दिवशी, एकाच ठिकाणाहून उघडलेली ढीगभर खाती, आणि प्रत्येकाचं तेच वाक्य : माझा पाठिंबा आहे, हौसा सिस्टर चांगल्या आहेत. अर्ज तपासणारी एक परदेशातली बाई होती. तिने फार सभ्यपणे लिहिलं होतं, की ही माणसं खरी आहेत का अशी शंका येते. समाधानकारक खुलासा आला नाही तर अर्ज नामंजूर करावा लागेल.

मी ते वाचून दाखवलं.

"म्हंजे ही माणसं खोटी?" सिस्टर कडाडल्या. "आरं, मी स्वता भाईर काढल्यात!"

"तिला ते कसं कळणार, सिस्टर?"

"मग सांगू तिला. लिव्ह. हा सदा. च्या इकतो. आईच्या पोटात आडवा व्हता. ही सुरेखा, बेदाणा निवडाय जाती. ही झाली तवा बाप भिऊन पळाला, दुसऱ्या दिशी साखर घिऊन आला."

"सिस्टर, हे सगळं जग वाचणार आहे."

त्यांनी क्षणभर विचार केला. "मग आडवा व्हता ते काढ. च्या इकतो तेवढं ठिव."

मी प्रत्येकाचा कामधंदा आणि वस्ती लिहीत गेलो. शिवाय सिस्टरनी सगळ्यांना ग्रंथालयात बोलावलं, आपापल्या शब्दांत लिहायला. रांग फाटकापर्यंत गेली. प्राचार्य दोनदा डोकावून गेले. सदाने पाठिंब्याखाली नळाला पाणी येत नसल्याची तक्रारही घालून टाकली. ती ठेवावी की काढावी हे मला कळेना, शेवटी ठेवली.

काही दिवसांनी त्या बाईचं उत्तर आलं. तिने भाषांतर करून सगळं वाचलं होतं. शंका फिटली होती, सदाचं पाणी आलं का हेही विचारलं होतं. आता एकच गोष्ट राहिली, तिने लिहिलं होतं, अर्जदाराची ओळख रिकामी आहे. तुम्ही कोण, मूळच्या कुठल्या, एवढं भरलं की मंजुरीला अडचण नाही.

"हे सोपं आहे," मी सुटकेने म्हणालो. "मूळ गाव सांगा, सिस्टर."

सिस्टर खिडकीबाहेर बघायला लागल्या. पंख्यामुळे ऐकू गेलं नसेल म्हणून मी पुन्हा विचारलं.

"मला म्हाईत न्हाई," त्या म्हणाल्या.

मला वाटलं, चेष्टा करतात. "पण तुमच्या नोकरीच्या कागदावर तर..."

"ते शाळंचं गाव. मामानं शाळंत घातलं तवाचं. आमची मेंढरं व्हती रं. उन्हाळ्यात मेंढरामागं चालायचं. आय चालता चालताच बाळंत झाली. कुठल्या तरी वस्तीवर, चिंचंखाली. तिथल्या एका बाईनं गरम पाणी दिलं, नेसूचं लुगडं फाडून दिलं. सकाळी मेंढरं पुढं निघाली. आयनं गावाचं नाव ईचारलं न्हाई. मग आय बी लवकर गेली."

"म्हणून तुम्हाला सगळ्या वस्त्या..."

"एखाद्या म्हातारीला याद आसंल, इथं एक पोर झाली व्हती म्हणून. फोटू काढायला गेलं की ईचारता येतंय. उगंच जाऊन कसं ईचारायचं?"

"हे लिहू का, सिस्टर? तिला पटेल."

"येडा हायस का? तिला वाटंल, रडून मागती."

त्यांनी पदर सारखा केला, खुर्चीत ताठ बसल्या, आणि वरिष्ठांना अहवाल सांगावा तशा आवाजात म्हणाल्या, "लिव्ह. अर्जदार ह्याच भागातली हाय."

मी लिहिलं.

"आन् खाली लिव्ह, गावाचं नाव मागनं कळवीन."