डुगडुगणारी खुर्ची

ज्या चित्रपटात काहीच घडत नाही, तोच खरा चित्रपट! हे माझं ठाम मत आहे आणि ज्यांना ते पटत नाही, त्यांच्या दाढा मी जरा जास्तच जोरात उपटतो. घडत नाही म्हणे! अहो, नीट बघा तरी!

पण बायकोला कोण सांगणार? ती माझ्याच दवाखान्यात पेशंटची नावं लिहिते. "असले चित्रपट बघण्यापेक्षा दाढ काढलेली बरी," असं ती चारचौघांत म्हणाली. मग मीही पेटलो! यंत्राची घरघर ऐकून पेशंट बाहेरच्या बाहेर पळतात ना? लावला बाहेरच्या टीव्हीवर माझा लाडका चित्रपट. त्यात एक म्हातारा डुगडुगणारी खुर्ची दुरुस्त करतो. तीन तास. बस्स!

तासाभरात एकही पेशंट पळाला नाही. पण आतही कुणी येईना!

"पुढचे!" बायको ओरडली.

"यांना घ्या आधी."

"छे, छे, तुम्ही जा ना. मला काही घाई नाही."

तेवढ्यात सासरे आले. अकरा वर्षांपूर्वी या गृहस्थांनी मुलगी माझ्या हवाली केली, पण दात मात्र दुसऱ्याच डॉक्टरच्या! आज पहिल्यांदा सुजलेला गाल घेऊन माझ्याकडे आले होते. खुर्ची रिकामीच होती, लगेच बसवलं आणि इंजेक्शन दिलं. आज दाखवतोच यांना, जावई काय चीज आहे ते!

"दहा मिनिटांत बधिर होईल, बाबा."

इतक्यात बाहेरून एकसुरात "अरेरेरे!" ऐकू आलं. मी तणतणत बाहेर गेलो.

"हा दवाखाना आहे की थिएटर? बंद करतो मी हे!"

"श्श! डॉक्टर, खाली बसा, दिसत नाहीये!"

"तो चुकीचा पाय कापतोय हो!" एक बाई कळवळून म्हणाल्या.

चुकीचा? नऊ वेळा पाहिलाय मी हा चित्रपट! पाय बरोबरच आहे, एवढंच समजावून सांगायला मी जरासा टेकलो.

"जावईबापू!"

दारात सासरे. गळ्यात फडकं, डोळ्यांत अंगार.

"सव्वा तास झाला! बधिर झालेलं सगळं परत ठणकायला लागलं!"

"आलोच बाबा! दुसरं इंजेक्शन..."

"थांबा! हा कोणता पाय कापतोय? खोट डावीकडच्या पायात आहे, गाढवा!" हे म्हाताऱ्याला होतं, असं मी धरून चालतो. ते माझ्याच जागेवर बसले. म्हातारा आता खुर्चीवर टेकणार, एवढ्यात बायकोने टीव्ही बंद केला. दवाखान्याची वेळ संपली होती. सगळे तिच्यावर असे खवळले की विचारू नका!

दुसऱ्या दिवशी दवाखाना उघडायला गेलो, तर सासरे पायरीवर हजर! मी इंजेक्शन भरायलाच घेतलं. पण ते आत न येता तोच चित्रपट लावून टीव्हीसमोर पहिल्या रांगेत जाऊन बसले. तोंडात कापसाचा बोळा.

"दाढ?" मी विचारलं.

"सकाळीच काढून आलेत," बायको म्हणाली. "त्यांच्या जुन्या डॉक्टरांकडे. तिथे डॉक्टर जागेवर असतात, म्हणाले."

माझा नुसता संताप झाला! अकरा वर्षांनी आलेली दाढ हातची गेली. मी जाब विचारायला त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिलो. बाबांनी मला हातानेच बाजूला व्हायला सांगितलं. त्यांना म्हातारा दिसत नव्हता.