परग्रहावर जेवणाची चौकशी

आमच्या वरच्या मजल्यावरचे नाना विज्ञानकथा लिहितात, आणि त्यांच्या कथांतले सगळे परग्रहवासी अहिराणी बोलतात. यान कुठेही उतरो, दार उघडलं की हिरव्या कातडीचा कुणीतरी विचारतो, "कथाईन उना रे भो? जेवण झाये का?"

नाना तीस वर्षं कापडगिरणीत लूमच्या खात्यात होते. बारा यंत्रांमधून सतत फेऱ्या. त्यामुळे बसून त्यांना काही सुचतच नाही. खिडकी ते दार, दार ते खिडकी. एका फेरीला एक वाक्य. मध्येच बेल वाजली की ओरडतात, "तार तुटली!" खाली आमचा पंखा थरथरू लागला की आई म्हणते, "पोचले वाटतं मंगळावर."

टायपिंग माझ्याकडे, कारण लॅपटॉप माझा. मी फारशी बोलत नाही, हेही त्यांना सोयीचं. एकदाच धीर करून विचारलं, "नाना, हे सुचतं कुठून?"

"हजीऱ्याच्या कारखान्यांच्या चिमण्या पाहिल्या नाहीस? अवकाशयानं उभी केल्यासारख्या दिसतात, माय. फक्त कुणी उतरत नाही."

यंदा एका दिवाळी अंकानं पहिल्यांदाच त्यांची कथा पसंत केली. अट एकच: परग्रहवाशांनी प्रमाण मराठीत बोलावं. बदल आजच हवा होता. मेल ऐकून नानांच्या फेऱ्या दुप्पट वेगानं सुरू झाल्या. कथा छापून यावी म्हणून मी न विचारताच संवाद बदलला: 'आपण कुठून आलात? भोजन झाले का?'

नानांनी वाकून वाचलं. "हा जेवायला घालणार नाही."

मी हसले. ते हसले नाहीत.

"तुझी काकू इथं बावीस वर्षं राहिली. गुजराती आली नाही, हिंदीची लाज वाटायची. भाजीवाल्याला बोटानं दाखवायची. घरी मी यायचो तो लूमच्या आवाजानं कान बधिर करून. ती बोलायची, मी नुसती मान हलवायचो." ते दारापाशी थांबले. "आता ती जिथं असेल, तिथं तरी कुणी विचारायला नको?"

मी जुना संवाद परत टाकला आणि कथा तशीच पाठवली. भाजीवाल्याला मीही बोटानंच दाखवते, हे मात्र सांगितलं नाही.

"नाही घेतली तर?"

"पुढची लिहू. त्यात यानातून काकू उतरते." नाना चक्क खुर्चीवर बसले. "पण ती काय बोलते, तेच सुचत नाहीये, माय. मी कधी ऐकलंच नाही."