धुळ्यावरील स्वारीत बर्फाच्या अस्वलास अंगरखा चढविल्याची हकीकत

श्रीसूर्यनारायणाची खानदेशावर खाशी नजर असता, शके एकोणीसशे शेचाळीस, क्रोधीनाम संवत्सरी, वैशाखमासी जी मोहीम जळगावाहून धुळ्यावर गेली, ती जैशी घडली तैशी लिहिली आहे. वाचणारांनी पाण्याचा तांब्या निकट ठेवावा.

जळगावी कामिनीबाई पोशाखांच्या कसबात नामांकित, आणि त्यांचे स्नेही हितेंद्रराव मूर्तिकार. पृथ्वी तापत चालली याविषयी धुळ्यास प्रदर्शन भरते ऐसी खबर आली, तेव्हां उभयतांनी मसलत केली की, लोकांस आकडे सांगोन उपयोग नाही, उत्तर ध्रुवाचे अस्वल बर्फात कोरून समक्ष उभे करावे. मग हितेंद्ररावांनी बर्फाच्या कारखान्यात कुडकुडत बसोन म्हशीएवढे अस्वल कोरिले. परंतु ऊन ऐसे की कावळे झाड सोडून मोटारीखाली बसत. मग बाईंनी धरणगावचा कापूस भरून अस्वलास दुलईसारखा जाड अंगरखा शिविला, आणि तो चढविताच पेठेत हशा उसळला. कापडवाले प्रकाशचंदशेठ यांनी पृच्छा केली, "ताई, ऐन वैशाखात बर्फाला स्वेटर?"

"शेठजी, गारवा आत कोंडायचाय," बाई उत्तरल्या. परंतु त्यांसही धास्ती होती, की धुळ्यात नुसता ओला कापूस उतरला तर कसबाची अब्रू गेली.

मग अस्वल टेम्पोवर आरूढ झाले, तोताराम सारथी दिमतीस, आणि फौज कूच करती झाली. धरणगाव निर्विघ्न ओलांडिले. अमळनेरी तोताराम चहास उतरला, तो रसवंतीवाला पुना याने छापा घालून अंगरख्याबाहेर राहिलेला डावा कान तोडिला आणि उसाच्या रसात टाकिला. बाई कडाडल्या.

"ताई, एक कानच शे, बठ्ठं अस्वल थोडंच शे!" पुना म्हणाला.

शेवटी तह होऊन सर्वांस रस मिळाला. रस उत्तम होता, हे बाईंस नाइलाजाने कबूल करणे प्राप्त जाहले.

धुळ्यास अंगरखा काढिला, तो कान वजा जाता अस्वल शाबूत! परंतु खरा गनीम पुढेच होता. प्रमुख पाहुणे अभिमननाना, ज्यांच्या भाषणापायी लग्नांचे मुहूर्त टळत, ते माईकवर दाखल जाहले आणि वसुंधरेपासून प्रारंभ करून स्वतःच्या बालपणात शिरले. अस्वलाचे नाक विरघळले. नाना हायस्कुलात पोचले आणि अस्वलाचे पुढचे पाय गेले. मग नाना पहिल्या निवडणुकीस उभे राहिले आणि अस्वल बसले. बाई कासावीस होऊन अंगरखा घेऊन धावल्या, तो नानांनी हातानेच रोखिले की, थांबा, आता मुद्द्यावर येतो.

तेव्हां मागील खुर्चीवरून साक्रीच्या पुष्पाअक्का उठोन गरजल्या, "नाना, भाषण ऱ्हाऊ द्या, अस्वल चालनं!"

आणि अवघा मंडप, अस्वल गेले, अस्वल गेले, ऐसे ओरडू लागला. नानांनी वळून पाहिले, तो अस्वल मांजराएवढे उरलेले. नाना गपकन थांबले, घसा खाकरला, आणि मग एकाएकी मंचावरून उडी घालून, अस्वल छातीशी कवटाळून, झब्बा भिजत असता सावलीकडे धावत सुटले. मागोमाग अवघा मंडप, कोणी छत्री घेऊन, कोणी पुठ्ठ्याने वारा घालीत.

अस्वल सायंकाळ पाहू शकले नाही. तथापि भर सभेत पुढारी भाषण अर्ध्यावर सोडून खुद्द कामास लागला, ऐसे धुळ्यात पूर्वी जाहल्याचे कोणा वृद्धास स्मरत नाही. सबब फत्ते जाहली, आणि ती कामिनीबाईंच्या नावे दाखल केली असे.