गोजरबाईंचा डबा

गहिनीनाथला फ्रेंचच्या वर्गासाठी दहा विद्यार्थी हवे होते, आणि दहाच्या दहा अडाणी हवे होते. म्हणजे बाकी जगातलं सगळं आलं तरी चालेल, फ्रेंचचं अक्षर येता कामा नये. विद्यापीठाचा नियमच तसा होता. तालुक्याच्या कॉलेजात फ्रेंच आणि इटालियनचे वर्ग काढायचे, नाव नोंदवणाऱ्याची आधी चाचणी घ्यायची. ज्याला काही येत नाही तो पहिल्या वर्गात, ज्याला येतं तो वरच्या. कुठल्याही वर्गात दहाला एक जरी कमी पडला, तर तो वर्ग रद्द. गहिनीनाथची नेमणूक होती पहिल्या वर्गावर. वर्ग रद्द म्हणजे नेमणूकही रद्द.

आणि मागं फिरायची सोय त्याने आपल्याच हाताने मोडली होती. साखर कारखान्यात उसाच्या गाड्यांचं वजन करायची पक्की नोकरी होती त्याची. तिथं एकदा फ्रान्सहून एक यंत्र आलं, त्यासोबत जाडजूड पुस्तक आलं, आणि ते कुणाच्या बापाला वाचता येईना. गहिनीनाथ भिडला. सहा वर्षं दर रविवारी पुण्याला जाऊन डिप्लोमा मिळवला. तोवर ते यंत्र भंगारात गेलं, ते सोडा. त्याला चाक, पट्टा, वंगण हे सगळं फ्रेंचमध्ये झोपेतही म्हणता येई. 'तुमची तब्येत कशी आहे' म्हणायला मात्र शब्दकोश काढावा लागे. नेमणुकीचं पत्र हातात पडताच पठ्ठ्याने कारखान्याचा राजीनामा दिला. एकाहत्तर सालच्या जुलैत तो असा ना इकडचा ना तिकडचा होऊन बसला होता.

मग सायकलवर गावोगाव हिंडणं आलं. कोल्हारला पुंजारामच्या ओट्यावर बसून त्याने त्या बापलेकांना फ्रेंचचे फायदे सांगितले. पुंजारामने शांतपणे ऐकून घेतले.

"आमचं छगन घरात मराठी बी धड बोलत न्हाई," तो म्हणाला. "हूं म्हनतंय, न्हाईतर उंहूं. फ्रेंचमधी काय बोलनार त्ये?"

"तेवढ्यावर सुरुवात होते, दादा."

छगनने नोंदणीचा कागद उलटसुलट पाहिला. त्यावर दोन चौकोन होते. "सर, इटालियनला मास्तर कोन हाय?"

"अजून कोणी नाही."

"मग त्येच लिवा. अभ्यास कमी आसंल."

त्याला फ्रेंचच्या चौकोनात आणायला अर्धा तास गेला. पण छगन आला तसे त्याचे आठ दोस्तही आले. दहावी एक मुलगी, ती आपल्या पायांनी आली. बेलापूरची लिडिया, मिशन दवाखान्याची बाग बघणाऱ्या शलमोनची लेक. गहिनीनाथने विचारलं, फ्रेंच कशासाठी हवं? ती म्हणाली, "ऐकायला." उत्तर जरा विचित्रच होतं. पण दहा भरले होते, तेव्हा त्याने पुढचं काही विचारलं नाही.

चाचणीच्या आदल्या दिवशी त्याने दहाही जणांना झाडाखाली बसवलं. "उद्या चाचणी घ्यायला पुण्याहून विद्यापीठाच्या विजयमालाबाई येतील. पन्नास प्रश्न, प्रत्येकाला चार उत्तरं, बरोबर असेल त्यावर खूण करायची. तुम्ही एकही खूण करायची नाही. कोरा कागद द्यायचा. कळलं?"

"व्हय सर."

चाचणीच्या खोलीत शिक्षकाला बंदी होती. गहिनीनाथ बाहेर उभा राहिला आणि आपली सगळी मुलं नापास व्हावीत म्हणून त्याने देवाला मनापासून हात जोडले.

आठ दिवसांनी निकाल आला. छगन आणि त्याचे आठ दोस्त, प्रत्येकाला पन्नासपैकी सत्तेचाळीस. वरचा वर्ग. लिडिया, शून्य. पहिला वर्ग. वरच्यात नऊ, पहिल्यात एक, सबब दोन्ही वर्ग रद्द करण्यात येत आहेत.

प्राचार्यांनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. "सत्तेचाळीस. तुम्ही शिकवायच्या आधीच मुलांना एवढं येतंय, मग तुमची गरज काय हो?"

गहिनीनाथने सायकल काढली ती थेट कोल्हारला. छगन ओट्यावर पायाच्या अंगठ्याकडे बघत बसला.

"कोरा द्या म्हणालो होतो ना मी?"

"द्यायचाच हुता, सर. पन आईनं बाईंसाटी डबा दिल्ता. त्यो मी नेऊन दिला. बाई इतक्या लांबून आलेल्या. त्यांनी आपल्या हातानं कागद दिला. आता कोनी काय दिलं तर रिकामं कसं परत करायचं?"

आतून छगनची आई गोजरबाई चहा घेऊन आली. "शेजारनीची वाटी आली तर आमी चिमूटभर साखर घालून तरी परत करतो, सर. रिकामं भांडं कुनाच्या दारात न्यायचं आसतं व्हय?"

"अहो, पण ते भांडं नव्हतं. पेपर होता."

"पोराला तेवढं वळन हाय," गोजरबाई समाधानाने म्हणाली.

गहिनीनाथने चहा तसाच ठेवला. "वळण ठीक आहे. पण सत्तेचाळीस?"

मग छगनने सगळं सांगितलं. लिडिया पुढच्या बाकावर होती. तो मागून म्हणाला, एक तरी उत्तर सांग, नुसता कागद द्यायला बरं दिसत न्हाई. तिने हात पाठीमागं घेतला आणि बोटं दाखवली. पहिल्या उत्तराला एक, चौथ्याला चार. एकमेकांचं बघून नऊही जणांनी खुणा केल्या. बाई तेव्हा डब्यातल्या धपाट्यांत आणि शेंगदाण्याच्या चटणीत गुंतल्या होत्या.

"आन तिनं सवताचा कोराच दिला, सर. तुमी सांगितलं हुतं म्हनून."

लिडियाला गाठायला बेलापूर गाठावं लागलं. ती बागेत वाफ्याला पाणी देत होती. "दवाखान्यात फ्रेंच सिस्टर होत्या, सर," ती म्हणाली. "मी पाच वर्षांची असल्यापासून त्यांच्या हाताखाली. त्या रागवायच्या ते फ्रेंचमध्ये, लाड करायच्या तेही फ्रेंचमध्येच. गेल्या वर्षी त्या मायदेशी गेल्या. तेव्हापासून ती भाषा कानावर पडलेली नाही."

"मग सांगायचं नाही का?"

"तुम्ही विचारलं नाही. आणि येतं म्हटलं असतं, तर तुम्ही वर्गात घेतलं नसतं."

हे खरं होतं. गहिनीनाथला मनापासून लाज वाटली. आपण दहा डोकी मोजत हिंडलो आणि या पोरीला काय हवंय ते एका शब्दाने विचारलं नाही. त्या रात्री त्याने विजयमालाबाईंना पत्र लिहिलं. कोरा कागद, बोटं, लिडियाच्या सिस्टर, सगळं लिहिलं, आणि पहिली लबाडी माझी होती हेही लिहिलं. पत्र पेटीत टाकलं आणि कारखान्यात कुणाचे पाय धरावे लागतील याचा विचार करू लागला.

उत्तरादाखल एक कार्ड आलं. 'गुरुवारी येते. या वेळी तोंडी. आपणही बसावे.'

गुरुवारी बाई आल्या. एकेकाला उभं करून फ्रेंचमध्ये प्रश्न विचारू लागल्या. छगन हात जोडून म्हणाला, "बाई, मला काय बी येत न्हाई. पन आईनं नमस्कार सांगितलाय." बाकीच्या आठांनीही आपापल्या घरचे नमस्कार पोचवले. पहिला वर्ग, नऊ.

शेवटी लिडिया. बाईंनी विचारलं, नाव काय, गाव कोणतं. एवढं गहिनीनाथलाही समजलं. ती बोलली की वरच्या वर्गात गेली, आणि इथं उरले नऊ. तिने बोलावं असं त्याला वाटत होतं, आणि बोलू नये असंही वाटत होतं. माणूसच तो. लिडियाने एकदा त्याच्याकडे पाहिलं आणि ओठ घट्ट मिटून उभी राहिली.

बाईंनी मिनिटभर वाट पाहिली. मग चष्मा डोक्यावर सरकवला आणि कागद गोळा करायला लागल्या. गहिनीनाथची नोकरी वाचली होती. पण वर्षभर मुकी राहिलेली पोर आज त्याच्यापायी पुन्हा मुकी राहिली.

बाई टेबलावर काहीतरी चाचपडत स्वतःशीच फ्रेंचमध्ये पुटपुटल्या. लिडिया झटकन पुढं झाली आणि अदबीने, अस्खलित फ्रेंचमध्ये काहीतरी म्हणाली. सिस्टरांची हरवलेली वस्तू शोधून द्यायची चौदा वर्षांची सवय ती. यंत्राच्या पुस्तकात चष्मा नव्हता, म्हणून गहिनीनाथला वाक्य समजलं नाही. बाईंचा हात आपल्याच डोक्यावर गेला तेव्हा समजलं. संपलं, त्याच्या मनात आलं.

बाईंनी चष्मा डोळ्यांवर घेतला. लिडियाकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. पाठ फिरवून कागदावर थोडं लिहिलं, पिशवीतून गोजरबाईंचा डबा काढला, त्यात काहीतरी ठेवून झाकण लावलं आणि छगनच्या हातात दिला. "आईला दे. घरी गेल्यावर उघड." आणि त्या एसटीला निघून गेल्या.

डब्यामागोमाग गहिनीनाथही कोल्हारला गेला. गोजरबाईने झाकण काढलं. आत घडी केलेली यादी होती, दहा नावं, खाली सही आणि शिक्का. लिडियाच्या नावापुढं लिहिलं होतं: 'चाचणीतील प्रश्नास उत्तर दिले नाही, सबब पहिला वर्ग. हिला पुढील बाकावर बसवावे. सरांचे जेथे चुकेल तेथे हिने बोटे दाखवावीत.'

गहिनीनाथने ते दोनदा वाचलं आणि डोळे पुसले.

"काय लिवलंय, सर?" गोजरबाईने विचारलं.

"वर्ग मंजूर झाला."

गोजरबाईने डब्यात वाकून पाहिलं. "मंग बाई पुन्याच्या आसल्या तरी वळनाच्या हायेत," ती म्हणाली आणि डबा विसळायला घेऊन गेली.